माझ्या गळ्याची शपथ

सातारा, सोमवार, ता. ९ डिसेंबर १९४६

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

इकडे सगळं खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुझा नवरा आणि माझा नवरा, दोघेही.

तुला मंडळाची ती खुळी चाल ठाऊक आहेच. रथसप्तमीच्या कऱ्हाडच्या शर्यतीआधी एका शनिवारी अरुणोदय धाव मंडळाचे झाडून सगळे सभासद मारुतीपुढे उभे राहतात आणि यंदा कोण पहिला येणार त्याचं नाव एकेक जण मोठ्यानं घेतो. स्वतःचं नाव घ्यायला बंदी. परवा तो शनिवार झाला. पोस्टातले आकाराम काय, कापडवाले आप्पासो काय, सगळ्यांनी तुझ्या चिंतामणरावांचं नाव घेतलं. यांचं नाव एकानंही घेतलं नाही. अगं, ज्यांना यांनी धावायला शिकवलं, पाय कसा टाकायचा आणि श्वास कुठे सोडायचा हे ज्यांना यांनी आमच्या अंगणात उभं करून दाखवलं, त्यांनी! एवढ्यावर भागलं नाही. आकारामनं खिशातून चिंतामणरावांचं सांगलीहून आलेलं कार्ड काढलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं, की हरिभाऊंनी यंदा वाटेत पाणी वाटायचं काम पत्करावं, म्हणजे मंडळाला अनुभवी माणूस मिळेल. सगळे हसले. हेही हसले म्हणे. आणि हसता हसता मारुतीच्या पायाला हात लावून म्हणाले, "चिंतामण माझ्या पुढे गेला तर मी पुन्हा धावणार नाही. सुहासिनीच्या गळ्याची शपथ."

माझा गळा! मला विचारायचं कुणाला सुचलं नाही. मी घरी वाल सोलत बसलेली, आणि तिकडे माझा गळा मारुतीच्या पायाशी ठेवून हे मोकळे. आप्पासोंची बायको सांगायला आली तेव्हा मला कळलं.

आता खरं सांगते, कुणाजवळ बोलू नकोस. राग आला तो तासभर. मग वाटलं, हे तर बरंच झालं. गेल्या श्रावणात यवतेश्वराच्या चढावर पाय घसरून हे पडले होते ते तुला कळवलं होतं. गवत कापणाऱ्या बायकांना दिसले तोवर ऊन चढलं होतं. बैलगाडीत घालून घरी आणले. त्या दिवसापासून पहाटे यांनी कडी काढली की माझी झोप संपते. दिवा घेऊन दाराशी बसते, पाय वाजेपर्यंत. चव्वेचाळीस वर्षांचा ड्रॉइंग मास्तर, त्याला रोज अंधारात डोंगर चढायला सांगितलंय कुणी? मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोल्याचं तर यांना चार दिवस कळलंच नाही.

पण हा माणूस शपथ मोडणारा नव्हे. तेव्हा चारू, ऐक. तुझा नवरा जिंकला पाहिजे. त्याला दूध घाल, तूप घाल, झोपू दे, काय हवं ते कर. मला माझा माणूस पहाटे घरात पाहिजे, बाकी काही नको.

तुझी अक्का


सांगली, ता. १६ डिसेंबर १९४६

ती. सौ. अक्कास चारूचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग घाबरले. यांना शपथेचं काही ठाऊक नाही. मीही सांगणार नाही. कळलं तर हे शर्यतीत अर्ध्या वाटेवर बसकण मारतील, मला यांचा स्वभाव माहीत आहे.

त्या कार्डाचं ऐक. पाणी वाटायचं वाक्य लिहून झाल्यावर यांनी मला ते दोनदा वाचून दाखवलं. "भाऊजी हसतील ना गं? रागावणार नाहीत ना?" मी म्हटलं, एवढी धाकधूक आहे तर खोडा. तर म्हणे, खोडलं तर कार्ड वाया जाईल. ही अक्कल! आणि मंडळाच्या इथल्या शाखेत काय झालं ते तुला माहीत नाही. इथेही पाच जण गणपतीपुढे उभे राहिले, आणि पाचही जणांनी भाऊजींचं नाव घेतलं. यांनी तर डोळे मिटून घेतलं. म्हणजे साताऱ्याचे म्हणतात सांगलीचा येणार, सांगलीचे म्हणतात साताऱ्याचा येणार. यांना रात्रभर तळमळताना बघून मी विचारलं तर म्हणतात, "भाऊजी मागून येताना पायांचा आवाज करत नाहीत, तेच वाईट."

खायला घाल म्हणतेस. दूध दिलं तर पोटात डुचमळतं म्हणतात. तूप रेशनच्या दिवसांत आणू कुठून? दिवसभर हळदीच्या पेढीवर पोती मोजतात, संध्याकाळी पिवळे होऊन येतात, आणि तेच पिवळे पाय घेऊन कृष्णेच्या काठानं धावायला जातात. धुण्याचं पाणीसुद्धा पिवळं. माझा जीव मेटाकुटीला आलाय. त्यात सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी अजून निघायची आहे, त्यामुळे मी काही कऱ्हाडला शर्यत बघायला येत नाही. तूच जाऊन ये आणि सगळं कळव.

आणि एक. हे सुरुवातीला सर्विस मोटार चुकत असल्यासारखे सुटतात आणि मग सारखी मागे मान वळवतात. त्यात यांचा दम जातो. ही खोड भाऊजींनीच हजारदा सांगूनही गेलेली नाही. तेव्हा तू फार आशा धरू नकोस.

चारू

ता. क. पत्र यांना दाखवलं नाही, यांची वेगळी चिठ्ठी सोबत जोडली आहे. सौ. अक्कांस चिंतामणाचा सा. नमस्कार. भाऊजींना सांगावे की तुमच्या इंग्रजांच्या खालशातल्या हवेत आता दम उरला नाही. संस्थानात येऊन राहा, रोज नदीकाठाला घेऊन जाईन. धावायचे नसल्यास बसायला ओटा आहे.


सातारा, रविवार, ता. २९ डिसेंबर १९४६

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

चिंतामणरावांची चिठ्ठी तेवढी यांना वाचायला दिली. मोठ्यानं हसले आणि संध्याकाळचा चढसुद्धा सुरू केला. तुझ्या नवऱ्याला लिहिण्याची हौस आवर म्हणावं.

तू आशा धरू नकोस म्हणालीस, म्हणून मी दुसरा उपाय केला. आमच्या मंडळातला केरबा तुला आठवतो का? मळ्यातला, उसाची शेती असलेला, लढाईवरून इटली बघून आलेला? त्याचं एक आहे. तो ज्याचं नाव घेतो तो हरतो. कुस्ती असो, निवडणूक असो, बैलांची शर्यत असो, त्याच्या तोंडून नाव गेलं की संपलं. लढाई दिवाळीआधी मिटणार असं सांगून हा भरती झाला होता, आणि स्वतःच पाच वर्षं लढून आला. म्हणून मंडळानं त्याला हात जोडलेत. भाकिताच्या शनिवारी सगळे मिळून त्याला नारळ आणायला पिटाळतात, आणि तो परत येईपर्यंत उरकून घेतात.

परवा मी त्याला जेवायला बोलावलं. सोप्यात पान मांडलं. गूळ त्याच्याच गुऱ्हाळाचा, पुरण माझं. दोन पोळ्या झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "केरबा, यंदा कोण हो?"

"न्हाई वैनी. मला त्यातलं काय बी इचारू नका. समद्यांनी बजावलंय."

मी तिसरी पोळी वाढली, वर तुपाची धार धरली. हे तूप म्हणजे आमच्या महिन्याभराचं.

"तसं बघाया गेलं तर," केरबा म्हणाला आणि थांबला.

"तसं म्हणजे कसं?"

"आवं, मास्तरांचा दम लय वैनी. चिंतामणराव पळत्यात झ्याक, पर त्यास्नी दम न्हाई. मास्तरच पयले येत्यात. मी सांगतो की तुमास्नी!"

"मग हे मारुतीपुढे बोलाल का? यांना तेवढंच बरं वाटेल."

"तुमी म्हणताय तर बोलतो की. त्यात काय!"

आणि काल बोलला. देवळात सगळ्यांनी कपाळाला हात लावले म्हणे. आप्पासो तर रागानं चप्पल विसरून घरी गेले. मला वाटलं, आता हे येतील ते तोंड पाडून. हे आले, पाय धुतले, पानावर बसले आणि म्हणाले, "केरबानं माझं नाव घेतलं गं. मंडळात एकाला तरी वाटतं." आणि चारू, हे खूश दिसत होते! एवढा शिकलेला माणूस, सबंध साताऱ्याला जे कळतं ते याला कळू नये? मी हात टेकले. आमटी वाढायची विसरले.

असो. आता यांचा बेत लिहिते तो चिंतामणरावांच्या कानावर घाल. संगमावरून सुटून आगाशिवाच्या पायथ्याला वळसा घालून परत यायचं आहे, हे ठाऊक आहेच. हे जाताना मागेच राहणार. परतीला कोयनेचा पूल आला की पुलावर पुढे निघणार आणि मग कुणाला गाठू देणार नाहीत. तेव्हा चिंतामणरावांनी पुलासाठी दम राखून ठेवावा.

अक्का

ता. क. यांचीही वेगळी चिठ्ठी सोबत जोडली आहे. चि. चारूस आशीर्वाद. तुझ्या नवऱ्यास विचार, मागे बघायची खोड गेली का? गेली नसल्यास मानेला पंचा बांधून धाव म्हणावं. हरिभाऊ


सांगली, ता. ७ जानेवारी १९४७

ती. सौ. अक्कास नमस्कार.

पुलाचा बेत यांना सांगायला गेले तर यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. "भाऊजींचा डाव मला चोरून नको. मी काही तसला नाही." मी म्हटलं, राहिलं. दुसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता विचारतात, "काय गं, पुलावर म्हणालीस, की पुलानंतर?" मी लाटणंच उगारलं होतं.

केरबाचं भाकीत तुझ्या पत्राच्या आधी इथे येऊन पोचलं. आकारामनं खास कार्ड टाकलं. इथल्या पाचही जणांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. यांना तर त्या रात्री घोरताना ऐकलं, महिन्यात पहिल्यांदा. आता रोज सुरुवातीला हळू धावतात आणि शेवटी जोर करतात. तू म्हणत होतीस तसंच सगळं चाललं आहे.

पण अक्का, रागावू नकोस, भाऊजी खूश दिसत होते हे जे तू लिहिलंस ते माझ्या मनातून जात नाही. मी ते यांना वाचून दाखवलं नाही. तुला अजून नक्की हेच हवंय ना? अजून वेळ आहे म्हणून विचारते. नाहीतर मी परत दूध सुरू करीन, म्हणजे यांचं पोट तरी डुचमळेल.

चारू


सातारा, ता. १६ जानेवारी १९४७

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

नक्की म्हणजे काय? नक्कीच. तू पडलेल्या माणसाला बैलगाडीतून उतरवून घेतलेलं नाहीस. गाडीवाला ओरडून सांगत होता, "जित्ता हाय, जित्ता हाय," आणि त्याचं ओरडणं ऐकून मला उलटंच वाटत होतं.

परवा संक्रांत. सुगडं पुजायची होती, बायका यायच्या होत्या. धुकं असं की समोरचं कुंपण दिसेना. हे गेलेले. उजाडलं, धुकं विरलं, गवळी येऊन गेला, तरी पाय वाजेनात. पूजेचं तसंच ठेवून मी दाराशी. बायका येऊन माझं तोंड बघून गेल्या. आणि हे आले ते हसत, घामानं निथळत. म्हणे, "आज चढ दोनदा केला. केरबाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही."

ऐकलंस? मी त्या केरबाला तूप घातलं ते यांच्या पायात उतरलं. कुठून बुद्धी झाली आणि त्याला जेवायला बोलावलं! चिंतामणरावांना सांग, आता ढिलाई नको. दूध मुळीच देऊ नकोस.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे.

अक्का


सातारा, शुक्रवार, ता. ३१ जानेवारी १९४७

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

चिंतामणराव पहिले आले. तुला ते परवाच कळलं असेल, पण सगळं कळव म्हणाली होतीस म्हणून लिहिते.

मी कोयनेच्या पुलाच्या कऱ्हाडकडच्या तोंडाशी आप्पासोंच्या बायकोबरोबर उभी होते. ऊन कोवळं होतं. पुलाच्या पलीकडून आधी तुझा नवरा दिसला आणि त्याच्या पाठीला लागूनच हे. बाकी सगळे कुठल्या कुठे मागे. पुलावर आल्यावर यांनी ठरवल्याप्रमाणे जोर केला. चारू, मी इतकी वर्षं यांना धावायला जाताना पाहिलं आहे, धावून परत आलेलं पाहिलं आहे. धावताना कधी पाहिलंच नव्हतं. घरात हे पाण्याचा तांब्या उचलायला हाक मारतात. पुलावर हा माणूस निराळाच होता. आप्पासोंची बायको मला ढोसून म्हणाली, "अहो, मास्तर बघा की!" मी बघतच होते.

पूल संपायच्या आत हे चिंतामणरावांच्या बरोबरीला आले आणि हातभर पुढेही गेले. मग चिंतामणराव पुन्हा बरोबरीला आले, आणि रस्ता चढाला लागला तिथे थोडे पुढे झाले. आणि पुढे होताच त्यांनी मान मागे वळवली. तीच ती खोड. पाय अडखळले. आता हे पुढे जाणार हे मला, कुणालाही, आंधळ्यालासुद्धा कळलं असतं. यांनी गप्प राहून निघून जायचं की नाही? हे ओरडले, "मागे बघू नकोस, गाढवा! पुढे बघ!"

मास्तर ना! खोड दिसली की दुरुस्त करायची, मग समोर शर्यत असो की आणखी काही. ओरडण्यात यांचा दम गेला आणि गाढवानं निमूटपणे पुढे बघितलं. बस्स. संगमावर पोचेपर्यंत अंतर तेवढंच राहिलं.

चिंतामणराव येऊन यांच्या पाया पडले. यांनी त्यांना उचललं, पाठ थोपटली, म्हणाले, "आता आली तुझी मान जागेवर." केरबा एका बाजूला जाऊन बसला होता. "माझं तोंडच जळकं," एवढंच म्हणत होता. दोष त्याच्या तोंडाचा नाही, माझ्या पुरणपोळीचा, हे त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही.

परतीच्या मोटारीत हे माझ्या शेजारी बसले. मी म्हटलं, पाय दुखतात का? म्हणाले, नाही. साताऱ्यापर्यंत आम्ही एवढंच बोललो.

माझ्या मनासारखं झालं आहे.

अक्का


सांगली, ता. ८ फेब्रुवारी १९४७

ती. सौ. अक्कांस चिंतामणाचा नमस्कार.

हे पत्र मी लिहितो आहे, कारण चारुशीलेने लिहिले असते तर तिने ते गोड केले असते. मला ते गोड व्हायला नको आहे.

काल केरबा गूळ घेऊन सांगलीच्या बाजारात आला होता. पेढीवर भेटायला आला आणि म्हणाला, "चिंतामणराव, मास्तरांचं पळणं तुमी बंद केलंसा." मी म्हटले, म्हणजे काय? तेव्हा त्याने शपथेचे सांगितले. घरी येऊन चारुशीलेला विचारले. ती रडू लागली आणि तुमची सगळी पत्रे तिने माझ्यापुढे ठेवली. मी ती वाचली. क्षमा मागत नाही, कारण त्यांत माझेच नाव जास्त वेळा आहे.

म्हणजे माझी बायको आणि माझी मेहुणी यांनी मिळून मला जिंकवले. पुलाचा डाव तुम्ही कळवला. तो मी ऐकला, हा माझा दोष, तो मी तुमच्या पदरात घालत नाही. पण शर्यत मी जिंकली की तुम्ही, हे मला आता सांगता येत नाही. इतकी वर्षे धावतो आहे, भाऊजींच्या पुढे एकदाच गेलो, आणि तेही त्यांनी ओरडून सांगितले म्हणून. मंडळातले लोक मला हार घालायला येतात. मी पेढीवरून मागच्या दाराने घरी जातो.

अक्का, मी भाऊजींची पाठ बघून धावायला शिकलो. साताऱ्यात नवा आलो होतो, कुणाची ओळख नव्हती. रोज पहाटे ती पाठ पुढे असायची, तिच्यामागे जायचे, एवढेच मला कळत होते. तुमच्या घरात मी आलो तोही तिच्यामागेच. तिला गाठावे असे वाटायचे. ती कायमची नाहीशी व्हावी असे कधी वाटले नाही.

तुमची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण शपथ तुमच्या गळ्याची आहे. ज्याच्या गळ्याची शपथ, त्याने सुटली म्हटले की ती सुटते, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. भाऊजी स्वतः होऊन तुम्हाला ते म्हणायला सांगणार नाहीत. म्हणून मी सांगतो आहे. यापुढे तुमची मर्जी.

चिंतामण


सातारा, ता. २० फेब्रुवारी १९४७

चि. सौ. चारूस व चिंतामणरावांस आशीर्वाद.

चिंतामणराव, तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. वयानं लहान माणसानं मला इतकं कधी सुनावलेलं नाही. पत्र दोनदा फाडायला घेतलं. पण बोललात ते खरं होतं, म्हणून आणखीच राग आला.

चारू, इकडचं सांगते. मला वाटलं होतं हे घरी बसले की कुरकुर करतील. केली असती तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. हे कुरकुर करत नाहीत. वाटाणे सोलून देतात. माझ्या हातातली घागर घेतात. डब्यांवर सुरेख अक्षरात कागद चिकटवले आहेत, तूरडाळ, हरभराडाळ, मीठ. जसं काही इतकी वर्षं मी मीठ आणि साखर चव घेऊनच ओळखत होते. शाळा सुटली की सरळ घरी. आकाराम आणि आप्पासो येतात, धावण्याच्या गोष्टी निघतात, हे ऐकतात, आणि मधेच उठून आत येऊन मला विचारतात, काही हवंय का? मला काही नको असतं. पुन्हा बाहेर जातात. सगळं माझ्या मनासारखं, आणि मला जेवण जाईना.

पहाटे आता कडी वाजत नाही. मला गाढ झोप लागायला हवी. त्याच वेळेला जाग येते. हे उठून खाटेच्या कडेला बसलेले असतात, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. उजाडेपर्यंत तसेच. मला जाग येऊ नये म्हणून खोकला दाबतात, आणि मी जागी आहे हे कळू नये म्हणून मी कूस बदलत नाही. चारू, दाराशी बसायचे तेव्हा भीती वाटायची, पण पाय वाजले की ती संपायची. हे संपतच नाही.

आज न राहवून अंथरुणातूनच म्हटलं, "सुटली."

"काय?"

"शपथ. माझ्या गळ्याची होती ना? मग मीच म्हणते. सुटली."

हे उठले नाहीत. मग म्हणाले, "तू दाराशी बसतेस."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वळणावरून आपला दिवा दिसतो. मी पडलो त्या दिवसापासून रोज दिसतो."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर धावणं सोडावं लागलं असतं," हे म्हणाले. "दिवा बघून रोज ठरवायचो, उद्यापासून बंद. उद्या झाला की पाय आपले बाहेर. माझ्यानं आपण होऊन सुटेना गं. म्हणून म्हटलं, चिंतामणानं सोडवावं. मी काही मुद्दाम हरणार नव्हतो. पण हरलो तर तुझी तरी सुटका होईल, म्हणून तुझ्या गळ्याची घेतली."

मला इतका संताप आला, चारू! मी तिकडे तूप घालतेय, चोरून बेत कळवतेय, बहिणीच्या संसारात भांडण लावतेय. आणि हा माणूस इकडे मनातल्या मनात माझ्यासाठीच हरायची तयारी करतोय. एकमेकांना एक शब्द नाही. मी उठून बसले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. केरबाच्या पुरणपोळीचं सांगितलं, पुलाचं सांगितलं, सगळं सांगितलं. वाटलं, आता हे रागावतील. हे हसायला लागले. इतके हसले की शेवटी डोळे पुसले. "म्हणजे केरबानंसुद्धा माझं नाव आपण होऊन घेतलं नाही म्हण की," म्हणाले. मग मीही रडले.

मी म्हटलं, "निघा आता. चढ नको. माहुलीच्या रस्त्यानं सपाटीनं जा." तर म्हणतात, "सपाटीनं काय, म्हशीसुद्धा जातात." सुटल्या सुटल्या परत हट्ट! शेवटी असं ठरलं की चढाला जायचं तर केरबाला बरोबर घ्यायचं, आणि तो आला नाही तर सपाटी. केरबा बरोबर आला की हे एकटेच चढाला गेले हे मला इथे बसून कळणार नाही, हे यांनाही माहीत आहे आणि मलाही.

हे कडी काढून गेले आणि मी दिवा घेऊन दाराशी बसले आहे. हे पत्र इथेच लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. रॉकेल रेशनवर मिळतं तरी वात मोठी ठेवली आहे, वळणावरून दिसावी. आता उजाडलं. मघाशी पाय वाजले ते गवळ्याचे होते. चिंतामणराव, तुम्हाला आशीर्वाद, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला रोज दूध घालायला मी चारूला सांगून ठेवते. अजून आले नाहीत. एव्हाना यायला हवे होते. चारू, भीती वाटते आहे, अगदी पहिल्यासारखी, आणि तरी मला इथून उठवत नाही.

आले. उठते.

अक्का